तिसरी खाट

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोचले. एकटी जाऊ नकोस, वाटेत कुणाशी तरी बोलत बसशील आणि गाडी चुकवशील, असं तुम्ही लिहिलं होतंत. गाडी चुकली नाही. शेजारच्या बाईंना मात्र माझं ठिकाण येईपर्यंत डोळा लागू दिला नाही. उतरताना त्यांनी माझी बॅग स्वतःहून खाली काढून दिली. प्रेमाने दिली की सुटकेच्या आनंदात, ते विचारू नका.

हॉटेल आपल्याहून जास्त थकलंय. आजूबाजूला काचेची नवी हॉटेलं उभी राहिलीत आणि आपलं त्यांच्यामध्ये अंग चोरून उभं आहे. लिफ्टच्या दारावर 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी अजून तीच. पाटी दोनदा रंगवून घेतलेली दिसते, लिफ्ट एकदाही नाही. गरम पाण्याचा नळ आधी खोकतो, मग विचार करतो, मग पाणी देतो. कपाटाचं दार आपोआप उघडू नये म्हणून यांनी कधीकाळी कागदाची घडी करून घातली होती, ती अजून तिथेच आहे. ती बघून मी पलंगावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

खरं म्हणजे येणारच नव्हते. पण गेल्या फेब्रुवारीत निघताना यांनी सवयीप्रमाणे पुढच्या वर्षीची खोली सांगून ठेवली होती. जानेवारीत हॉटेलचं कार्ड आलं, नेहमीची खोली, नेहमीच्या तारखा. हे जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. रद्द करा असं लिहायला बसले, पण पहिल्या ओळीच्या पुढे हात गेला नाही. म्हटलं जाऊन येऊ.

आपला किल्लीदार अजून त्याच टेबलामागे बसतो. आपण तिघांनी ठेवलेलं हे नाव त्याला अजून माहीत नाही. केस पांढरे झालेत, पण काम तसंच आहे. कॉम्प्युटर आहे, त्यावर त्याने मोठ्या निगुतीने कापड घालून ठेवलंय. प्रत्येक पाहुण्याचं जाड कार्ड लाकडी खणात असतं. कुणाला किती उशा लागतात, कुणाला जिन्याजवळची खोली चालत नाही, सगळं त्यावर. मी नाव सांगायच्या आत त्याने आपलं कार्ड काढलं. यांचं कळल्यावर उठून उभा राहिला आणि चष्मा पुसत राहिला. तो चष्मा यांनीच दिला होता, आपल्या दुकानातला.

खोलीत तिसरी खाट मांडलेली आहे. तीच तुमची घडीची, लोखंडी, कुरकुरणारी. मी एकटी आहे, काढून टाका म्हटलं, तर म्हणतो कार्डावर लिहिलंय. तुम्ही यायचं बंद केल्याला इतकी वर्षं झाली, तरी या हॉटेलवाल्यांना ती खाट दरवर्षी मांडायची सवयच लागलीय. मी तिच्यावर बॅगा ठेवायचे. हे झोपायच्या आधी निमूटपणे खाली उतरवायचे, आणि सकाळी मी पुन्हा चढवायचे. या गोष्टीवरून आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही राहायला जायचं म्हणता त्या बायकांच्या निवासाला तुम्हाला महिनाअखेर उत्तर द्यायचंय हे मी विसरलेले नाही. ताई, माझ्याकडे या. पुढची खोली पुसून ठेवलीय, खिडकीला नवा पडदा मी स्वतः शिवलाय. शाळेत तीस वर्षं पोरींना शिवण शिकवलं, पण स्वतःच्या घरचा पडदा पहिल्यांदाच सरळ आला. तुम्ही दर वेळी हसण्यावारी नेता. या खेपेला खरं कारण लिहा. मी पंधरा तारखेला वाट बघीन, अठराला निघते.

आजवर जशी सांभाळून घेतलीत तशीच पुढेही घ्या, एवढंच मागणं.

तुमची,
टकळी

·

दि. १२ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पाकीट पोटफुगी झाल्यासारखं दिसत होतं, तेव्हाच ओळखलं. तू लिहितेस तेच बरं आहे. कानातलं यंत्र बदलून आणलं, त्यात पंखा छान ऐकू येतो, माणसं नाहीत. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता माझीच लाइन तुटली. बाकी तब्येतीला धाड भरलेली नाही.

निवास बघून आले. व्यवस्थापक बाई कडक आहेत पण खोट्या नाहीत. तळमजल्यावरची खोली देतात. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची, एक कपाट. सगळं एकेकच. मला ते आवडलं. फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय, अठ्ठावीसच्या आत द्यायचाय. तुझ्या पडद्याबद्दल आनंद आहे, पण तुझ्याकडे मी येणार नाही. तुला खरं कारण हवंय. दोन माणसांच्या खोलीत तिसरी खाट मांडता येते, पण मग कुणालाच धड चालता येत नाही. आता तुम्ही दोघं नाही, हे मला कळतं. तरी तो फोटोत असणारच ना भिंतीवर. जाता-येता त्याच्याकडे बघत दिवस काढणं मला जमायचं नाही.

आणि धाकट्याबद्दल, माझा भाऊ असला तरी, एवढं लिहू नकोस. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, म्हणून मी बोलत नाही. तू समजूतदार आहेस, विषय इथेच सोड.

किल्लीदाराला नमस्कार सांग. अजून प्रत्येक किल्ली लाकडी ठोकळ्याला बांधून देतो का? ते ठोकळे पर्समध्ये मावू नयेत म्हणूनच केले असणार. आणि एक सांग, तिसऱ्या मजल्यावरच्या सामायिक संडासाची साखळी अजून दोनदा ओढावी लागते का? पहिल्यांदा नुसता आवाज, दुसऱ्यांदा पाणी. मला आठवून हसू आलं.

समुद्राकडे जाताना पायात नीट काहीतरी घाल, त्या उतारावर तू एकदा घसरून बसली होतीस. रोज गच्चीवर जा. जाहिरातीतलं समुद्रदर्शन टाचा उंच केल्यावरच होतं, पण होतं.

माया आहेच, ती तुला मागावी लागत नाही.

ताई

·

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली.

तुमची साखळी मला कळेना. आपण दरवर्षी पहिल्याच मजल्यावर राहिलो, खोलीला जोडून न्हाणीघर. तिसऱ्या मजल्यावर आपण तिघं कधी पाऊलही टाकलं नाही. मी काल वर जाऊन बघून आले. साखळी दोनदाच ओढावी लागते.

खाली येऊन किल्लीदाराला गंमत म्हणून सांगितलं. मग त्याने खण उघडला, आपल्या कार्डाच्या मागचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तुमचं नाव. सव्वीस वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. तिसरा मजला, एक व्यक्ती, दोन मुक्काम. आणि शेरा असा: पाठीमागच्या जिन्याने ये-जा. पहिल्या मजल्यावर कळवू नये.

मी त्याला म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं आम्हाला सांगितलं का नाही. तो म्हणाला की कार्डावर तसं लिहिलं होतं.

मग आपलं कार्ड वाचायला दिलं. ते मी आजवर कधी हातात घेतलंच नव्हतं. त्या वर्षानंतर दरवर्षी एक ओळ आहे, किल्लीदाराच्या अक्षरात, पण यांच्या सांगण्यावरून: तिसरी खाट मांडावी, बहीण येण्याची शक्यता. दरवर्षी, ताई. गेल्या वर्षीचीही आहे. मी हॉटेलची सवय समजत होते. किल्लीदार म्हणाला की कार्डं आडनावाने लावतो, म्हणून ही दोन्ही एवढी वर्षं एकामागे एक होती.

आता ऐका. त्या वर्षी तुम्हाला पत्र लिहिलं ते मी. त्यात लिहिलं होतं की यांनी हॉटेलला ट्रंक कॉल केला, तिसऱ्या खाटेला जागा नाही म्हणाले, तेव्हा यंदा तुमचं जमायचं नाही. यांनी कुठलाही कॉल केला नव्हता. यांना तर त्या पत्राची वार्ताही नव्हती. यांना मी सांगितलं की ताईंना यंदा सुट्टी मिळत नाही. दोघांना दोन खोटी सांगितली, आणि दोन्ही तुमच्या-त्यांच्या तोंडी घातली. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईला न झालेल्या कॉलची थाप मारणारी जगात मी एकटीच असेन.

का, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याआधीच्या नोव्हेंबरात माझं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. दवाखान्यात माझ्याजवळ तुम्हीच होतात. माझे कपडे तुम्ही धुतलेत, मला घास भरवलात. पण ताई, लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि दहाही वर्षं सुट्टीत आपण तिघं एका खोलीत होतो. मला यांच्याजवळ रडायचं होतं. दुसरं कुणी नको होतं, तुम्हीसुद्धा. हे तुम्हाला तोंडावर सांगायची मला लाज वाटली. ज्यांनी माझं एवढं केलं, त्यांना यंदा येऊ नका कसं म्हणायचं? म्हणून यांना पुढे केलं. मला वाटलं, भावाचं असलं की बहीण पटकन पोटात घालते.

त्यानंतर तुम्ही आलाच नाहीत. कधी डबल ड्यूटी, कधी गुडघे. हे विचारायचे, मी म्हणायचे ताईंना आता आराम हवा असतो. तुम्ही इथे येऊन गेलात हे मला काल कळलं, देवाशपथ. माझी थाप पचली असंच मी समजत होते.

म्हणजे यांच्याशी तुमचं जे तुटलं, ते माझ्यामुळे. यांनी काही केलेलं नव्हतं.

आज लोभ मागायचं तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तुमची वहिनी

·

दि. १९ फेब्रुवारी

पत्र मिळालं.

एकच विचारते. शेवटपर्यंत त्याला हे माहीत नव्हतं? त्याने कधी विचारलं का, मी अशी का वागते? जे असेल ते लिही. माझी दया येऊन काही गाळू नकोस, आणि स्वतःची तर मुळीच येऊ देऊ नकोस.

निवासाचा फॉर्म आज सकाळी देऊन आले.

·

दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

अठराला घरी आले. तुमची सहा ओळींची चिठ्ठी इथे मिळाली. वर नाव नाही, खाली सही नाही. अक्षर मात्र तुमचं, प्रत्येक ओळ पट्टीने आखल्यासारखी.

नाही, यांना माहीत नव्हतं. मी कधीच सांगितलं नाही.

विचारलं का, म्हणता. वरचेवर नाही, पण विचारलं. दुकानातून रविवारी तुम्हाला फोन करून घरी आले की जेवताना म्हणायचे, ताईला आपलं काहीतरी खुपलंय, तुला काही बोलली का? मी म्हणायचे, तुमचं आपलं काहीतरीच. मग त्यांनी स्वतःच कारणं शोधायला सुरुवात केली. तुमच्या चष्म्याची एक काच एकदा चुकीच्या नंबरची गेली होती, त्याचा राग असेल म्हणाले. मग तुम्ही त्यांना शिकवण्यासाठी एवढ्या लहान वयात नोकरी धरलीत आणि लग्न राहून गेलं, याची जाणीव आपण ठेवली नाही असं ताईला वाटत असेल, म्हणाले. त्यावर तर पुष्कळ दिवस खंतावले. मी समोर बसून ऐकून घ्यायचे.

शेवटचं लिहिते, कारण गाळू नकोस म्हणालात. गेल्या मे महिन्यात तुम्ही दवाखान्यात आलात आणि तासाभरात निघालात. तुमची पाठ वळल्यावर यांनी मला जवळ बोलावलं. आवाज गेलेलाच होता. म्हणाले की मी ताईला कधी काय बोललो ते तुला आठवतं का, मला आठवत नाहीये. ताई, तुम्ही तेव्हा जिन्यातच असाल. मी धावत आले असते तर तुम्हाला फाटकाशी गाठता आलं असतं. मी उशी सरळ केली आणि म्हटलं, काही बोलला नाहीत, झोपा.

बाळ गेल्याचं मी कधीतरी सोसलं. हे सोसत नाही. घाबरले होते, तुमच्याही आणि यांच्याही नजरेतून उतरेन म्हणून. आता यांच्या नजरेचा प्रश्नच उरला नाही.

निवासात जाऊ नका असं आता म्हणत नाही. तो हक्क माझा मीच घालवला. पडदा काढून ठेवलाय, तुमच्या खोलीच्या खिडकीचं माप कळवलंत तर बेतून पाठवीन. निघताना किल्लीदाराने पुढच्या वर्षीचं विचारलं. पत्राने कळवते म्हटलं. त्याने दोन्ही कार्डं बाहेरच ठेवलीत, खणात घातलेली नाहीत.

उत्तर दिलं नाहीत तरी मी लिहीत राहीन. तेवढी टकळी बंद करू नका.

तुमची वहिनी

·

दि. २७ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

आठ दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझं नावही कागदावर लिहवेना. अजून चिडलेलीच आहे, पण आशीर्वाद लिहायची सवय हाताला आहे. हाताचं ऐकलं.

त्या वर्षी काय झालं ते तूही ऐक. तुझं पत्र आल्यावर मला वाटलं, धाकट्याला कुणीतरी चुकीचं सांगितलं असणार. ड्यूटीवर असताना मीच हॉटेल जोडून घेतलं. किल्लीदार म्हणाला, निम्म्या किल्ल्या फळीवर लटकताहेत, कधीही या. मी हरखून गेले. कळवायचं नाही, एकदम समोर जाऊन उभं राहायचं, असं ठरवलं. नव्या चपला घेतल्या. तुझ्यासाठी लोकरीची शाल घेतली, तुला तेव्हा सारखी थंडी वाजायची. पोचल्यावर किल्लीदाराला सहज विचारलं, माझ्या भावाने कधी फोन केला होता? त्याने आलेल्या फोनांची वही चाळली आणि म्हणाला, नाही हो, कुणाचाच नाही. मी टेबलापाशी शाल हातात घेऊन उभीच.

परतीची गाडी एक दिवसाआड होती. म्हणून वरची खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या जिन्याच्या खिडकीतून तुम्ही दोघं अंगणात दिसलात. तू रडत होतीस आणि धाकटा तुझी वेणी घालत होता. एवढ्या बारीक काचा घासणारा माणूस, पण तीन पेड काही त्याला जमेनात. सारखा सोडायचा आणि पुन्हा घालायचा. तू रडता रडता हसलीस. दवाखान्यातून आल्यापासून तू हसलेली मी पहिल्यांदा बघत होते.

तिथे उभी असताना मला सगळं समजलं, टकळे. तुम्हाला दोघांनाच असायला हवं होतं, यात समजायला अवघड काय होतं? त्याचा मला राग आला नाही. तू सांगितलं असतंस तर मीच तुमची तिकिटं काढून आणली असती. राग आला तो धाकट्याचा. ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं, तो मला सरळ ताई यंदा नको, असं म्हणू शकला नाही. न झालेल्या कॉलची थाप मारतो, तीही मला. तू लिहिलं असशील असं मनातसुद्धा आलं नाही. तू बडबडी, तुझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी समजूत.

आता माझं. एक्स्चेंजमध्ये आम्ही तीन मिनिटांनी लाइनवर जायचो आणि तीन मिनिटं झाली असं सांगायचो. नंतर ती पद्धत गेली, पण मी ती धाकट्यापुरती चालू ठेवली. त्याचा रविवारचा फोन आला की समोरच्या घड्याळाकडे बघायचे. तीन मिनिटं झाली की, बरं, ठेवते. सव्वीस वर्षांत एकदाही चौथं मिनिट होऊ दिलं नाही. कधी कधी त्याचं वाक्य अर्धं राहायचं. काय सांगत होता ते पुढच्या रविवारी विचारायचेही नाही. एकदा म्हणाला, ताई, मला तुला काहीतरी विचारायचंय. मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. तेव्हा माझे कान अगदी ठणठणीत होते.

दवाखान्यातून निघाले ते या रागापायीच. त्याने माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला, गाडीची वेळ झाली म्हणून. गाडी दोन तासांनी होती. मी स्टँडवर बाकावर बसून राहिले.

तू एकदा खोटं बोललीस आणि मग भित्रेपणाने गप्प बसलीस. मीसुद्धा गप्पच बसले. मी भित्री नव्हते, मला त्याला शिक्षा करायची होती. नुसतं विचारलं असतं, का रे असं केलंस, तर एका मिनिटात उलगडा झाला असता. आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्या आणि घरची एक जोडून घेतली नाही. तुझ्यावर चिडायला गेले की हे आडवं येतं. तुला माफ केलं असं लिहायला हात उचलत नाही. अजून नाही. स्वतःला तर मुळीच नाही. पुढे उचलेल की नाही, तेही सांगत नाही. तुझ्यासारखी थाप मारायची नाही असं ठरवलंय.

परवा निवासात जातेय. तो निर्णय बदलणार नाही. तुझ्याशी अबोला म्हणून नव्हे. तुझ्या घरात तू रोज रडशील, मी रोज चिडेन, आणि त्याचा फोटो दोघींकडे बघत राहील. त्यापेक्षा तू रविवारी येत जा. व्यवस्थापक बाईंना विचारून ठेवलंय, भेटीची वेळ तीन ते सहा आहे. जोरात बोलावं लागेल, पण तुला त्याचं काही वाटायचं नाही. घड्याळ मी भिंतीवर लावणारच नाहीये. खिडकीचं माप सोबत पाठवते, रुंदी जरा जास्तच धर. आणि ती शाल अजून माझ्या ट्रंकेत आहे, तुझी तू घेऊन जा. कसरीने एक कोपरा खाल्लाय, रफू करायला तुला येतंच.

किल्लीदाराला लिही. पुढचा फेब्रुवारी, पहिला मजला, नेहमीची खोली, दोघी. माझं कार्ड आता रद्द करा म्हणावं, मी पुढच्या जिन्यानेच येईन. तिसरी खाट मात्र धाकट्याने कार्डावर लिहवून घेतलीय तशी राहू दे, मांडायला सांग.

असेल-नसेल तेवढा लोभ दोघींनी पुरवून वापरायचा आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

ता. क. त्या खाटेवर बॅगा ठेवायच्या नाहीत.